आमच्या वन्सं आणि दोन पितळी पातेली

आमच्या वन्संनी मला फसवलं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, सुमनअक्का. फसवलं ते दोन पितळी पातेल्यांवरून. पातेली माझ्याच दुकानातली, माडी माझ्याच घराची आणि साक्षीला गल्लीतल्या बायका. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं वाचता वाचता तुम्हाला वन्सं फार आवडू लागतील, आणि माझी बाजू राहून जाईल. नेहमी असंच होतं.

वन्संना ओळखायची खूण सांगते. त्या कुणाला 'कसं काय' असं विचारत नाहीत. 'एक ते पाचमध्ये सांग' म्हणतात. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पुरेपूर. सकाळी दूधवाला जिन्याखाली उभा राहिला की वरून हाक येते, "बाळू, आज मन कसं हाय? एक ते पाचमध्ये." सुरुवातीला बाळू घाबरून दूध जास्त घालायचा. आता तो सरावलाय. "आज तीनच, आक्का. म्हस लाथा झाडतीया." एका लग्नात मांडवातच त्यांनी वरमाईला विचारलं, "सून कितपत पसंत?" ती म्हणाली, "साडेतीन." वन्सं म्हणाल्या, "अर्धा चालत नाही. पूर्णांकात सांगा." वरमाईनं सुनेकडं एकदा नीट बघितलं आणि चार केले. ती सून अजून वन्सं दिसल्या की वाकून पाया पडते.

वन्संनी सगळी नोकरी शाहूवाडीच्या डोंगराकडच्या शाळांत काढली. भाताची खाचरं, धुकं आणि एकशिक्षकी शाळा. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. निवृत्त झाल्यावर त्या शाहूपुरीत आमच्या दुकानावरच्या माडीत राहायला आल्या. मला वाटलं, आता भजनी मंडळ, उपासतापास, गुडघ्याला तेल. वन्संनी विद्यापीठात नाव घातलं. एम. ए., मानसशास्त्र.

आमचे मालक, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, साधे. ते म्हणाले, "आक्का, ह्ये येड्यांचं शास्त्र न्हवं?"

"न्हाय रे. शहाण्यांचं हाय. येड्यांचं सोपं असतंय."

त्यांच्या पुस्तकात व्यक्तिभिन्नता म्हणून एक जाडजूड प्रकरण आहे. माणसं एकमेकांपासून वेगळी का असतात, किती असतात, वगैरे. मी म्हटलं, "यात नवीन काय? व्यक्ती तितक्या प्रकृती, हे माझी आई भाकरी थापता थापता सांगायची."

"सांगायची. पण मोजायची का?" वन्सं म्हणाल्या.

आता मोजायचं मला शिकवावं लागत नाही. मी भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन बांबवड्याच्या, मलकापूरच्या बाजारात गोणपाटावर बसलेली बाई आहे. तिथून शाहूपुरीत दुकान केलं, ते कुणाच्या मेहरबानीनं नाही. तोंड चालवून केलं, आणि हाताच्या जोरावर केलं. पितळ वजनावर विकतात. मी भांडं हातात घेतलं की वजन सांगते. नंतर काट्यावर घाला न घाला, तुमची हौस. लग्नाची भांडी भाड्यानं देणारे, आचारी, देवळांचे पंच, सगळे माझ्या शब्दावर माल उचलतात. वहिनींचा हात म्हणजे काटा, असं बाजारात म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा. पुढं त्याचंच वाटोळं झालं.

वन्संचं आणि माझं व्यवहारात कधी जमलं नाही. मंडईत गेल्या की भाजीवाली सांगेल तो भाव त्या देणार. माझा जीव कासावीस होतो. वर तिला विचारणार, "मी घासाघीस केली नाही, तर तुम्हाला आता कसं वाटतंय?" भाजीवाली म्हणाली, "भ्या वाटतंय, आक्का. वांगी किडकी निघाली तर परत येशीला की काय." वन्संना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी आणखी वांगी घेतली. किडकीच निघाली.

वर्गात सगळी नातवंडांच्या वयाची पोरं. त्यांना वन्सं शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी नेतात. एकदा मॅडम फळ्याकडं वळल्या आणि मागं कालवा झाला. वन्संच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." सगळा एम. ए.चा वर्ग गप्प. मॅडमचंही बोट तोंडाकडं गेलं म्हणे. त्या दिवशी आज्ञापालन हाच धडा होता. मॅडम म्हणाल्या, आता वेगळं उदाहरण द्यायला नको.

आणि रंकाळ्याचं तर काय सांगू. एकानं टक लावून कुठं बघितलं की बाकीचे पण बघतात, असं त्यांना शिकवलं होतं. वन्सं संध्याकाळी रंकाळ्यावर गेल्या आणि पाण्याकाठच्या झुडपांकडं बघत उभ्या राहिल्या. झुडपांत काही नव्हतं. एक म्हातारबा थांबले. मग एक जोडपं. मग भेळवाल्यानं गाडा वळवून आणला.

"काय हाय?"

"काय तरी हाय."

"गवा हाय गवा. आत्ता शिंग दिसलं मला."

वन्सं गर्दीतून हळूच निघून दुकानात येऊन बसल्या. तेवढ्यात मालकांच्या फोनवर आलं, रंकाळ्यावर गवा शिरलाय, तिकडं जाऊ नका. मालक म्हणाले, "आक्का, तू तिकडनंच आलीस की. दिसला का?"

"एक ते पाचमध्ये सांगायचं तर शून्य," वन्सं म्हणाल्या, आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या.

असं हसणं-खिदळणं चाललं होतं. मग त्यांनी स्वभावाची चाचणी आणली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना प्रश्न विचारले आणि प्रत्येकीचा स्वभाव पाच खणांच्या डब्यात वाटून टाकला. एका खणाचं नाव सहमतीशीलता. म्हणजे दुसऱ्याशी जुळवून घेणं, मन राखणं. गल्लीत सगळ्यात कमी सहमतीशीलता माझी निघाली.

मी म्हटलं, "वन्सं, काहीतरी चुकतंय. माझ्यासारखी समजूतदार बाई कोण हाय इथं?"

"कांचन, चाचणीत आलंय तेच आहे."

"वाढवा की थोडी."

"वाढवता येत नाही."

"बरं, तुमचं राहू दे, माझं राहू दे. मधे ठरवू."

"कांचन, ही भांडी नव्हेत."

मी टेबलावर हात आपटला. पेला पडला. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, अजून कमी करावी लागेल." मालक हसायला लागले. मी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

पण एवढ्यावरून मी कुणाशी वैर धरत नाही. वैर पातेल्यांचं.

वर्षाच्या शेवटी वन्संना एक प्रकल्प करायचा होता. त्या दुकानात येऊन दोन पितळी पातेली मागू लागल्या. दिसायला जुळी, पण एक जाड पत्र्याचं आणि एक पातळ. "उद्या परत करते," म्हणाल्या. मी दिली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हळदीकुंकवाला म्हणून मला माडीवर बोलावलं.

वर बायका गोल करून बसलेल्या. शिलाई मशीनवाली शोभा, तेलाच्या दुकानातली महादेवी, आणखी चौघी-पाचजणी. मधे चौरंगावर माझी पातेली. वन्सं म्हणाल्या, "एक गंमत करू. दोन्ही उचलून बघायची आणि जड कुठलं ते सांगायचं. सुरुवात माझ्यापासून." त्यांनी डावं उचललं, उजवं उचललं. म्हणाल्या, "उजवं."

शोभानं उचललं. "उजवं."

महादेवी, "उजवंच की वो."

पुढची, उजवं. तिच्या पुढची, उजवं. मी शेवटी. मी दोन्ही उचलली. हात सांगत होता, डावं. हाताला शंका नव्हती. मी एकदा वन्संकडं बघितलं. त्या चष्म्यातून माझ्याकडं बघत होत्या, गणित घातल्यावर मास्तरीण पोराकडं बघते तशा.

मी म्हटलं, "उजवं."

झालं. बायकांनी तोंडाला पदर लावले आणि खोली फुटेस्तोवर हसल्या. सगळ्या आधीच पढवलेल्या होत्या. एक मीच बाहेरची. वन्सं म्हणाल्या, "प्रयोग संपला. डावं जड होतं. याला समूहाचा दबाव म्हणतात." आणि कान टवकारून पुढं सरकल्या. "कांचन, तू उजवं का म्हणालीस?"

माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, "तुम्ही म्हणालात म्हणून. चारचौघीत थोरल्या नणंदेला खोटं पाडायला मी काय अडाणी हाय?"

वन्संनी चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं, लाजल्या. मी दोन्ही पातेली काखेत मारली आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. शोभा दारातून जाता जाता, "कांचनवहिनी, माझी पिशवी जड की हलकी?" महादेवी तेलाचा डबा दाखवून, "सांगा बघू." ते एक वेळ चाललं असतं. पण बुधवारी आमचा जुना आचारी आला. लग्नाचे हंडे काढले, मी वजनं सांगितली. माझ्या पोरांच्या बारशापासून हा माणूस माझ्या शब्दावर माल नेतोय. तो खाली बघून म्हणाला, "वहिनी, एकदा काट्यावर ठेवूया की."

मी ठेवले. वजन बरोबर आलं. पण त्यानं काटा मागितला, ते गेलं का माझ्या मनातून? नाही गेलं.

मी वन्संशी बोलणं टाकलं. जेवणाचं ताट वर जायचं ते जात राहिलं. त्यात मी कुचराई करत नाही. त्या आल्या तेव्हापासून ताट वरच जातं, त्यांना वाचायला निवांतपणा पाहिजे म्हणून. बाकी निरोप मालकांमार्फत. मालक जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहायचे.

"सांगा तुमच्या बहिणीला, गल्लीत सगळ्यांना बोलावून सांगायचं, कांचनचा हात चुकला नव्हता."

मालक वर तोंड करून, "आक्का, ऐकलंस न्हवं?"

वरून, "तिला सांग, सांगणार आहे. पण गल्लीत नाही. योग्य ठिकाणी."

"योग्य ठिकाण म्हंजे कुठं, विचारा."

मालक पायरीवर बसलेच. वरून वन्संनी विचारलं, "काय रे, तुला आत्ता कसं वाटतंय? एक ते पाचमध्ये." मालक म्हणाले, "अडीच. आणि पूर्णांकात न्हाय सांगणार."

मग मालकांच्याच तोंडून कळलं की पुढच्या गुरुवारी विद्यापीठात वन्संची तोंडी परीक्षा आहे. प्रकल्प सगळ्यांसमोर मांडायचा, बाहेरचे परीक्षक येणार. म्हणजे माझी फजिती आता शहाण्या माणसांच्या सभेत वाचून दाखवणार. मी म्हटलं, बघतेच. ठेवणीतली साडी नेसले, दोन्ही पातेली पिशवीत घातली, हातकाटा घेतला आणि रिक्षा केली.

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "पावणं, भांडी घेऊन कुठं?"

"परीक्षेला."

त्यानं वाट दिली.

मी वर्गात शिरले तेव्हा वन्सं फळ्यापुढं उभ्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, हातात छडीसारखी पट्टी. पुढं मॅडम आणि पांढऱ्या मिशांचे परीक्षक. मी शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मनात सगळं पाठ केलं होतं. त्या 'समूहाला बळी पडली' म्हणाल्या की उठायचं, पातेली टेबलावर आपटायची आणि जाब विचारायचा.

वन्सं शेवटाला आल्या. म्हणाल्या, "यातल्या एका बाईचं उत्तर मी निष्कर्षात धरलेलं नाही. तिला जड पातेलं कुठलं ते बरोबर कळलं होतं. तिचा हात कधी चुकत नाही. ती समूहाच्या दबावाखाली आली नाही."

मी उठायच्या बेतात होते ती बसून राहिले.

परीक्षकांनी कागद चाळला. "मग ती चुकीचं का बोलली? आणि पहिलं उत्तर देणारी बाई कोण होती?"

"मी."

"तुमचं नातं?"

"ती माझी भावजय."

परीक्षकांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही इतकी वर्षं शिक्षिका होता. आपल्याकडं भावजय चारचौघीत थोरल्या नणंदेला खोटं पाडते का? ही प्रयोगातली चूक आहे. पहिली बाई परकी पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना आधीच सांगितलं होतं, सर. बाहेरची बाई बसवा म्हणून."

"सांगितलं होतं," वन्सं म्हणाल्या. "चूक मुद्दाम केली."

वन्सं पट्टी टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी पदर धरून उभ्या राहिल्या. प्रकल्प मांडताना होता तो आवाज आता नव्हता.

"सर, शाळेत पोरं माझी बाजू घ्यायची. ती छडीला भिऊन. सुट्टीला घरी आले की पाहुणीसारखं ताट मिळायचं. कुणी वाईट वागलं नाही कधी. पण एकटीनं आयुष्य काढलेल्या बाईला एक गोष्ट कळायची राहून जाते. आपण चुकत असलो, आणि सगळ्यांना दिसत असलं, तर आपल्या बाजूनं कोण उभं राहील. ते मला बघायचं होतं. या भावजयीची सहमतीशीलता गल्लीत सगळ्यात कमी. मला वाटलं, ही पहिल्या फटक्यात म्हणेल, वन्सं, तुम्हाला काय कळतंय." पुढचं बोलल्या ते शाळेतलं मराठी नव्हतं. "तर उभी राहिली की वो. हातातलं कसब इसरून उभी राहिली."

माझ्या मांडीवरची पिशवी सरकली. पितळेचा आवाज कसा होतो तुम्हाला माहीत आहे. सगळा वर्ग मागं वळला. वन्संनी मला बघितलं, आणि माझ्या साडीकडं, आणि हातकाट्याकडं. पाठ केलेलं मी निम्मं विसरले. पुढं जाऊन पातेली टेबलावर मांडली, माडीवर होती तशीच डावी-उजवी, आणि राहिलं तेवढं म्हटलं.

"आधी ही पातेली उचलून बघा, साहेब. मग काय ते बोला."

परीक्षकांनी खरंच उचलली. पोरं हसू दाबत होती. "डावं जड," ते म्हणाले. मॅडमनी उचलली. "डावंच." मी काट्यावर घालून दाखवलं.

"गुण कापावे लागतील," परीक्षक वन्संना म्हणाले.

"कापा की," वन्सं म्हणाल्या.

कापले. तरी पास झाल्या. आता पीएच.डी. म्हणतायत. विषय विचारला तर सांगत नाहीत. फक्त माझ्याकडं बघून पेन्सिलीला टोक काढतात. त्या दिवशी रिक्षातून येताना त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "एक बाई दुसरीवर रागावली आहे, पण बरोबर घरी घेऊन चालली आहे. तिचा राग किती असेल, एक ते पाचमध्ये?" त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मला पोरंबाळं हाईत, आक्का."

गल्लीत त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं. शोभानं, महादेवीनं पातेली पुन्हा उचलली. आचारीही येऊन गेला. काटा मागितला नाही. त्याचा हिशोब मिटला.

माझा मिटला नाही. ताट आता वर जात नाही. वन्सं खाली येतात, चुलीजवळच्या पाटावर बसतात, आमटीला चार देतात आणि मी डोळे वटारले की पाच करतात. त्यांना निवांतपणा पाहिजे असं मी धरून चालले होते. आम्हाला त्यांची अडचण होते, असं त्या धरून चालल्या होत्या. दूधवाल्याला विचारलं, भाजीवालीला विचारलं, परक्या वरमाईला भर मांडवात विचारलं. तेवढं एक माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून विचारायचं का राहिलं? मी काय उत्तर दिलं नसतं? तोंड माझं कधी बंद असतं का? त्यासाठी पातेली, पढवलेल्या बायका आणि माझ्या हाताचं नाव पणाला लावायची काय गरज होती?

मी रोज ताट वाढताना विचारते. त्या म्हणतात, "विचार करून सांगते, कांचन." चालणार नाही. वन्सं, हे तुम्ही वाचणार, मला माहीत आहे. याचा जाब तुम्हीच द्यायचा. एक ते पाचमध्ये नको. तोंडानं सांगा, आणि पाटावर बसून सांगा. भाकरी गार होतीया.